सरस, रेझिन आणि दाखला : लाकूडकामातील चिकटद्रव्ये व त्यांची नोंद यांचा इतिहास, मराठवाड्याच्या संदर्भात

१. विषयाचे स्वरूप

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकांना ते १९४८ च्या जानेवारीतील बँकेवरील धाडीमुळे परिचित आहे. परंतु एखाद्या गावाचा इतिहास केवळ अशा प्रसंगांनी घडत नाही. तेथील घरे कशाची बांधली गेली, त्या घरांतील लाकूड कशाने जोडले गेले आणि त्या जोडणीच्या गुणदोषांची साक्ष कोणी दिली, हेही इतिहासाचेच प्रश्न होत. शिवाय हे प्रश्न राजकीय घडामोडींपासून वाटतात तितके अलिप्त नाहीत.

अलीकडे 'हरित इमारत' या नावाने इमारतींना प्रमाणपत्रे देण्याची पद्धती रूढ झाली आहे. ऊर्जा, पाणी, बांधकामाचे साहित्य यांबरोबरच इमारतीतील हवेची शुद्धताही या पद्धतीत तपासली जाते. म्हणूनच प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांसारख्या कृत्रिम फळ्या आणि त्या जोडणारी चिकटद्रव्ये हवेत किती वायू सोडतात, याचे कागदोपत्री पुरावे मागितले जातात. वरकरणी हा विषय रसायनशास्त्राचा किंवा स्थापत्याचा दिसतो. तथापि 'पुरावा' हा शब्द आला की इतिहासाच्या अभ्यासकाचा अधिकार सुरू होतो. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या परिस्थितीत लिहिला आणि त्यात काय सांगावयाचे राहून गेले, हे प्रश्न ताम्रपटाला जसे विचारावयाचे तसेच या दाखल्यालाही विचारावयास हवेत. प्रस्तुत निबंधाचा हेतू तोच आहे. मराठवाड्यात लाकूड जोडण्याच्या साधनांत कसकसा बदल झाला आणि त्या साधनांविषयीचे ज्ञान सुताराच्या हातातून कागदावर कसे गेले, याचा येथे आढावा घेतला आहे. त्याअंती असे दिसून येईल की, आजचा दाखला खोटा नसतो. परंतु तो दुसऱ्या हवामानातील सत्य सांगत असतो.

२. सांध्याचे लाकूड आणि सुताराचा सरस

मराठवाड्यातील जुन्या घरांचा सांगाडा लाकडाचा असे. दगडमातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे माळवद, ही या प्रदेशातील सर्वसाधारण रचना होय. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणत आणि घराचे मापही खणांतच सांगितले जाई. किनवट-माहूर भागातील सागाची जंगले नांदेडच्या टापूला जवळ होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम संस्थानातील गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाल्यावर लाकडाची वाहतूक सुलभ झाली.

या सांगाड्यात चिकटद्रव्याला जवळजवळ स्थान नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तुळई खांबावर बसे ती कुसू आणि खाच यांच्या जोरावर. लोखंडी खिळा किंवा लाकडी खुंटी तिच्या मदतीस असे. चिकटद्रव्य लागे ते घरातील लहान वस्तूंना. पेटी, पाट, देव्हारा, चौकट अशा कामांसाठी सुतार सरस वापरी. जनावरांचे कातडे व हाडे उकळून काढलेला हा पदार्थ वड्यांच्या किंवा खड्यांच्या रूपात मिळे. तो रात्रभर पाण्यात भिजवावयाचा, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर विरघळवावयाचा आणि गरम असतानाच लावावयाचा, अशी रीत होती. आच अधिक झाल्यास त्याचा चिकटपणा कमी होई. पावसाळ्यात दमट हवेने सांधा सुटे. हत्यारांच्या मुठी बसविण्यास लाख उपयोगी पडे, कागद व कापड डकविण्यास खळ किंवा डिंक पुरे.

हे सर्व पदार्थ निरुपद्रवी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. सरसाला दुर्गंधी असे. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद मिसळण्याची चाल होती आणि मोरचूद हे विषच होय. जुने ते सर्व शुद्ध आणि नवे ते सर्व दूषित, अशी सोपी विभागणी इतिहासाला मान्य होणारी नाही. भेद आहे तो निराळाच. सरसाचा दोष तो वापरणाऱ्याला नाकाने आणि हाताने कळत असे. सुताराने स्वतः शिजविलेल्या पदार्थाबद्दल दाखला मागण्याचे कारणच नव्हते. बलुत्याच्या व्यवस्थेत त्याची गावातील पत हाच त्याचा दाखला होता. कामाची नोंद ठेवण्याची ही पद्धती तोंडी होती, स्थानिक होती आणि तिची कक्षा गावाच्या शिवेपुरतीच होती.

३. रेझिनचे आगमन

ही स्थिती विसाव्या शतकात पालटली. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाने कृत्रिम रेझिन तयार करण्याचे प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले. १९३१ मध्ये जर्मनीत 'काउरिट' या नावाने लाकडासाठी असे चिकटद्रव्य बाजारात आले. ते स्वस्त होते, रंगहीन होते आणि उष्ण दाबयंत्रात अल्पावधीत कठीण होत असे. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई निर्माण झाल्यावर भुसा आणि काडीकचरा या रेझिनने बांधून फळी करण्याचा उद्योग उदयास आला. १९४१ मध्ये ब्रेमेन येथे अशा फळ्यांचा कारखाना निघाला. म्हणजे पार्टिकल बोर्डाचा जन्म विपुलतेतून नव्हे, तर टंचाईतून झाला आहे. पुढे भारतातही त्याचा प्रसार टंचाईनेच घडविला.

भारतातील प्लायवुडचा आरंभ आसामात चहाच्या पेट्यांसाठी झाला. १९४५ मध्ये मलबारातील बलियापट्टणम येथे वेस्टर्न इंडिया प्लायवुड्स हा कारखाना स्थापन झाला. देहरादून येथील वन संशोधन संस्थेत डी. नारायणमूर्ती यांनी वनस्पतिजन्य प्रथिनांपासून चिकटद्रव्ये करण्याचे प्रयोग केले. परदेशी रसायनांवर अवलंबून राहावे लागू नये हा त्या काळच्या संशोधनातील एक प्रधान विचार होता. १९६२ मध्ये बंगळूर येथे प्लायवुड उद्योगासाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली.

सुताराच्या दृष्टीने मोठी घटना मुंबईत घडली. १९५९ मध्ये बळवंतराय पारेख यांच्या उद्योगसंस्थेने 'फेव्हिकॉल' हे पांढरे कृत्रिम चिकटद्रव्य बाजारात आणले. ते शिजवावे लागत नसे, त्याला वास नव्हता आणि डबा उघडला की ते लावता येई. हळूहळू सरसाचे भांडे सुताराच्या कामाच्या जागेवरून दिसेनासे झाले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे पांढरे द्रव्य पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातील मिश्रण असते. त्याची घडण युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनपेक्षा मूलतः भिन्न आहे. घरातील हवेत फॉर्माल्डिहाइड येतो तो मुख्यतः सुताराच्या डब्यातून नव्हे, तर कारखान्यातून रेझिन पिऊन आलेल्या फळीतून. सनमायका चिकटविण्यासाठी जे रबरी चिकटद्रव्य वापरतात त्याचा प्रश्न वेगळा. त्यातील टोल्युइनसारखी द्रावके उडून हवेत जातात, परंतु ती बहुतांशी लवकर निघून जातात. युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन मात्र उष्णता आणि ओलावा यांच्या योगाने वर्षानुवर्षे थोडेथोडे विघटित होत राहते.

या स्थित्यंतराचा खरा अर्थ असा की, चिकटविण्याची क्रिया सुताराच्या भांड्यातून कारखान्याच्या दाबयंत्रात गेली आणि तिच्याबरोबर तिच्याविषयीचे ज्ञानही गेले. फळी कापणाऱ्या सुताराला तिच्यात काय आहे हे पाहून कळत नाही. डोळे चुरचुरले तरी ते भुशाने की वायूने, हे त्याला सांगता येत नाही. ज्ञान आणि हात यांची अशी ताटातूट झाल्यावरच दाखल्याची गरज उत्पन्न होते.

४. जंगल, भूकंप आणि फळी

मराठवाड्यात कृत्रिम फळीचा प्रसार होण्यास तीन कारणे घडली. पहिले कारण धोरणाचे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आले. त्यानंतर प्लायवुडचा उद्योग नैसर्गिक जंगलाकडून शेताच्या बांधावरील लागवडीकडे अधिकाधिक वळला.

दुसरे कारण निसर्गाचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मृत्यूचे प्रमुख कारण दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार हे होते. पडझडीच्या पाहणीत असेही आढळून आले की, अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. परंतु लोकांच्या मनावर जो आघात झाला तो अशा सूक्ष्म भेदांची दखल घेणारा नव्हता. माळवदावरील विश्वास उडाला आणि सिमेंट-लोखंडाचे घर हेच सुरक्षित घर, ही भावना भूकंपक्षेत्राच्या बाहेरही दृढ झाली. उमरीचा टापू भूकंपक्षेत्रापासून दूर असला तरी या मनोवृत्तीपासून तो दूर नव्हता.

तिसरे कारण या दोहोंतूनच निघाले. सिमेंटच्या घरात लाकडाचे काम भार पेलण्याचे राहिले नाही. ते दार, कपाट, पलंग आणि स्वयंपाकघरातील ओट्याखालचे खण एवढ्यापुरते उरले. आणि या कामांना सागापेक्षा फळी स्वस्त पडते. परिणामी घरातील लाकडाचे प्रमाण घटले, पण चिकटद्रव्याचे वाढले. पूर्वी मोकळ्या ओसरीत उभा असलेला सागवानी खांब हवेला काही देत-घेत नव्हता. आता निजावयाच्या खोलीतच, चार भिंतींच्या आत, रेझिनने बांधलेल्या फळ्यांचे मोठे पृष्ठफळ आले.

५. छाप आणि मर्यादा

भारतीय मानकांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. साधारण वापराच्या प्लायवुडसाठी असलेल्या मानक क्रमांक ३०३ च्या १९७५ च्या आवृत्तीत मालाचे वर्ग पाण्याच्या कसोटीवर ठरविलेले होते : उकळत्या पाण्यात टिकणारा, कोमट पाण्यात टिकणारा व थंड पाण्यात टिकणारा. १९८९ च्या आवृत्तीत उकळत्या पाण्याला टिकणारा आणि ओलाव्याला टिकणारा असे दोन वर्ग राहिले. म्हणजे फळीवर उमटलेली छाप 'ही फळी पावसाळ्यात सुटेल काय?' या प्रश्नाचे उत्तर देत होती. सरस वापरणाऱ्या समाजाचा जो जुना अनुभव होता त्यातूनच हा प्रश्न आला होता आणि तो रास्तही होता. 'या फळीतून काय बाहेर पडते?' हा प्रश्न त्या छापेत नव्हता. योगायोगाने पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचे थोडे उत्तर मिळते. उकळत्या पाण्यास टिकणाऱ्या प्लायवुडमध्ये सामान्यतः फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन असते. त्याचे बंध पक्के असल्यामुळे त्यातून वायू फारच कमी सुटतो. ओलाव्यापुरत्या टिकणाऱ्या प्लायवुडमध्ये बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड असते. तथापि हे अनुमान होय, पुरावा नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचा विचार प्रथम उत्तर युरोपात झाला. १९७० नंतरच्या तेलटंचाईत तेथील घरे ऊब राखण्यासाठी अधिकाधिक बंदिस्त करण्यात आली आणि आतल्या हवेचे दोष उघडकीस आले. १९७५ मध्ये डेन्मार्कमधील अँडरसन प्रभृती संशोधकांनी पार्टिकल बोर्ड वापरलेल्या घरांतील हवेची तपासणी प्रसिद्ध केली. १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या आरोग्य खात्याने घरातील हवेसाठी दशलक्ष भागांत ०.१ भाग ही फॉर्माल्डिहाइडची मर्यादा सुचविली. १९८० मध्ये तिच्या आधारे फळ्यांचे वर्ग करण्यात आले. त्यांतील 'ई-१' हे नाव आज नांदेडच्या बाजारातील मालपत्रकांवरही वाचावयास मिळते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. २००५ मध्ये अमेरिकेत कॅट्रिना वादळानंतर निर्वासितांना दिलेल्या फिरत्या घरांत या वायूचे प्रमाण फार आढळल्यामुळे तो प्रश्न सार्वजनिक चर्चेचा झाला. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कडक नियम केले, २०१० मध्ये अमेरिकेच्या संघराज्यात कायदा झाला. भारतात १९९३ मध्ये मानक क्रमांक १३७४५ अन्वये पार्टिकल बोर्डातील फॉर्माल्डिहाइड मोजण्याची रीत ठरविण्यात आली. ही रीत फळीच्या अंगात किती वायू आहे ते सांगते. तो खोलीत किती उतरेल हे सांगत नाही.

या मालिकेतून एक गोष्ट स्पष्ट होते. मर्यादेचा प्रत्येक आकडा एका विशिष्ट समाजाच्या विशिष्ट अडचणीतून निघाला आहे. आकडा प्रवास करतो; त्याच्या मागची अडचण मात्र मूळ स्थानीच राहते.

६. हैदराबादची इमारत आणि दाखल्यांची साखळी

मराठवाड्याला हरित इमारतीचे जवळचे उदाहरण पुण्यामुंबईकडे नव्हे, तर हैदराबादेस सापडते. १९५६ पर्यंत उमरी हैदराबाद राज्यातच होती. तिचा लोहमार्गही तिकडेच जातो. तेथे भारतीय उद्योग महासंघ, तत्कालीन आंध्र प्रदेश सरकार व गोदरेज उद्योगसमूह यांच्या सहकार्याने सोहराबजी गोदरेज यांच्या नावाचे हरित व्यवसाय केंद्र उभारण्यात आले. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अमेरिकेतील 'लीड' या पद्धतीची 'प्लॅटिनम' ही सर्वोच्च श्रेणी या इमारतीला २००३ मध्येच मिळाली होती आणि अमेरिकेबाहेर ती मिळविणारी ही पहिली इमारत होय. तिच्या साहित्यात राखेच्या विटा, फुटक्या फरशा यांबरोबर उसाच्या चोथ्यापासून केलेल्या मालाचाही समावेश होता. २००७ मध्ये भारताने 'गृह' ही स्वतःची मूल्यांकन-पद्धती स्वीकारली.

'लीड'च्या २००० सालच्या आवृत्तीत कृत्रिम फळ्यांविषयी एकच अट होती : फळीत युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन मिसळलेले नसावे. हा घटकांविषयीचा नियम होता. २०१३ च्या आवृत्तीत दृष्टी बदलली आणि फळी प्रत्यक्षात किती वायू सोडते याच्या चाचणीवर भर आला. पहिल्या नियमास कारखानदाराचे निवेदन पुरे होई, दुसऱ्यास प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. 'आत काय आहे' येथून 'बाहेर काय येते' येथपर्यंतचा हा प्रवास पुराव्याच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून नोंदविण्याजोगा आहे.

चिकटद्रव्यांच्या बाबतीत याहून विलक्षण प्रकार आढळतो. त्यांच्यासाठी 'लीड'ने दक्षिण कॅलिफोर्नियातील हवा-नियंत्रण मंडळाचा नियम क्रमांक ११६८ आधारास घेतला. लाकडावर वापरावयाच्या चिकटद्रव्यात उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा अधिक नसावीत, अशा स्वरूपाच्या मर्यादा त्यात आहेत. परंतु हा नियम मुळात लॉस एंजेलिसच्या आकाशातील धुरकट धुक्यासाठी केलेला आहे. उन्हात ज्या द्रव्यांपासून ओझोन तयार होतो ती मोजावयाची आणि ज्यांपासून होत नाही ती वगळावयाची, हे त्याचे तत्त्व; म्हणूनच ॲसिटोनसारखे द्रावक त्यातून सुटते. आकाशासाठी केलेला नियम अशा रीतीने खोलीच्या हवेचा पुरावा बनला.

आता प्रमाणपत्रासाठी जमवावयाच्या कागदांकडे पाहू गेल्यास एक साखळी दिसते : कारखानदाराचे घटक-निवेदन, मालाच्या सुरक्षिततेचे पत्रक, प्रयोगशाळेचा अहवाल, खरेदीचे बिल, मालाचे चलन, कामाच्या जागेवरील छायाचित्र आणि शेवटी ठेकेदाराचे हमीपत्र. यांतील प्रत्येक कागद आधीच्या कागदाला जोडला गेला तरच साखळी पक्की होते. अहवालावर ज्या मालाचे नाव आहे तोच माल बिलावर असावा, बिलावरील नग आणि भिंतीत बसलेले नग यांचा मेळ बसावा. ही कसोटी इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही. दस्तऐवज अस्सल असूनही त्याचा प्रस्तुत वस्तूशी संबंध नसणे, हा दोष सनदांच्या अभ्यासातही वारंवार भेटतो. मोठ्या शहरातील इमारतीत हा मेळ घालण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमता येतो. तालुक्याच्या गावी फळी नगावर विकली जाते, काम चौरस फुटावर मोजले जाते. तेथे साखळीची पहिलीच कडी, म्हणजे बिल, पुष्कळदा कच्चे असते.

७. दाखल्याचे तापमान

साखळी पूर्ण असली तरीही एक प्रश्न उरतो आणि तोच या निबंधाचा गाभा आहे. युरोपीय पद्धतीत फळीची चाचणी बंद कोठीत २३ अंश सेल्सिअस तापमानास आणि ४५ टक्के आर्द्रतेस होते. अमेरिकन पद्धतीत २५ अंश आणि ५० टक्के. म्हणजे 'ई-१' या दोन अक्षरांत '२३ अंशांवर' हे शब्द गृहीत धरलेले आहेत. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यातील दुपारी पारा ४२ अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

तापमान आणि वायू यांचे नाते अज्ञात नाही. बर्गे प्रभृती संशोधकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण या क्षेत्रात सर्वमान्य असून चाचण्यांतील लहानसहान फरक जुळविण्यासाठी ते वापरले जाते. त्या समीकरणाने हिशेब केल्यास काय दिसते? आर्द्रता तीच ठेवून तापमान २३ वरून ३० अंशांवर नेल्यास हवेतील प्रमाण दुपटीहून थोडे अधिक होते. ४० अंशांवर नेल्यास सुमारे सहापट होते. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो, ही जमेची बाजू होय : आर्द्रता २५ टक्के धरल्यास ४० अंशांवरील वाढ सुमारे चौपटीपर्यंत खाली येते. परंतु मृगाच्या पावसानंतर ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशी स्थिती आली की, ही वाढ पुन्हा सव्वातीनपटीच्या घरात जाते. हे समीकरण सामान्य खोलीच्या तापमानासाठी बसविलेले असल्यामुळे ४० अंशांचे आकडे अंदाज म्हणूनच घेतले पाहिजेत. फळी जुनी होत जाते तसतसा वायूही कमी होतो. तरीही दिशा निःसंदिग्ध आहे. ज्या फळीने कोठीत ०.१ ची मर्यादा जेमतेम पाळली, तीच फळी तेवढ्याच वायुविजनात उमरीच्या खोलीत वर्षातील कित्येक आठवडे ती मर्यादा ओलांडेल.

येथे 'तेवढ्याच वायुविजनात' हे शब्द निर्णायक आहेत. माळवदाचे जुने घर जाड भिंतींमुळे थंड राही आणि वारा वाड्याच्या चौकातून खेळे. खिडकीत बसविलेला कूलर हवेत ओलावा आणतो हे खरे, परंतु तो बाहेरची हवा सतत आत लोटतो आणि वायू विरळ करतो. वातानुकूलन-यंत्र खोली थंड करून वायूचे सुटणे कमी करते, पण दारेखिडक्या बंद ठेवावयास लावून सुटलेला वायू आतच राखते. यंत्र बंद असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपराखाली तापलेली बंद खोली ही सर्वांत वाईट स्थिती होय; सुट्टीनंतर उघडलेल्या नव्या फर्निचरच्या खोलीत डोळे झोंबतात ते याच कारणाने. शाळेची वर्गखोली, वसतिगृह, दवाखाना ही अशीच ठिकाणे आहेत आणि तेथे राहणाऱ्यांत मुले व रुग्ण यांचा भरणा असतो. प्रश्न केवळ गुणांचा किंवा श्रेणीचा नाही, तो यामुळेच.

दाखला खोटा नाही, हे पुन्हा सांगितले पाहिजे. २३ अंशांवर जे मोजले ते तो प्रामाणिकपणे सांगतो. चूक होते ती त्याला स्थळकाळनिरपेक्ष मानण्यात. ज्याप्रमाणे एका परगण्यातील बिघ्याचे माप दुसऱ्या परगण्यास तसेच लावल्यास महसुलाचा सगळा हिशेब बिघडतो, त्याप्रमाणेच हेही आहे.

८. सुतार आणि शेतमाल

या साखळीत आणखी दोन गोष्टींचा उल्लेख सापडत नाही. पहिली गोष्ट सुताराची. प्रमाणपत्र इमारतीत पुढे राहणाऱ्यांच्या हवेचा विचार करते. फळी कापताना जो भुसा आणि वायू उडतो तो सुताराच्या छातीत जातो. कापलेली उघडी कड आणि भोके यांतून पृष्ठभागापेक्षा अधिक वायू सुटतो. या कडा पट्टी लावून बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सुताराच्याच हातात आहे. परंतु त्याची नोंद कोणी मागत नाही, म्हणून त्याची मजुरीही कोणी धरत नाही. ज्याच्या नाकाने एके काळी सरसाची परीक्षा होई, तो आता पुराव्याच्या व्यवस्थेत अनुपस्थित आहे.

दुसरी गोष्ट शेतमालाची. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे उसाच्या चोथ्यापासून फळ्या करणारा 'इकोबोर्ड'चा कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला आणि साखर कारखान्यांच्या मराठवाड्यात अशा फळीविषयी आस्था असणे स्वाभाविक आहे. परंतु चोथा लाकडाची जागा घेतो, रेझिनची नव्हे. फळी उसाची असली तरी तिला बांधणारे द्रव्य युरिया-फॉर्माल्डिहाइडचे असल्यास वायूचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. म्हणूनच 'लीड'च्या अटीत लाकडी आणि शेतमालाच्या फळ्या एकत्रच धरल्या होत्या. द्रव्याचा पर्याय सोयाबीनमध्ये शोधला गेला आहे. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात सोयाबीनच्या पिठाचे चिकटद्रव्य प्लायवुडला वापरीत. पाण्याला न टिकल्यामुळे ते मागे पडले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ओरेगन राज्य विद्यापीठातील काइचांग ली यांच्या संशोधनाने त्याचा हा दोष दूर झाला आणि तेथे फॉर्माल्डिहाइडविरहित प्लायवुड व्यापारी प्रमाणावर निघू लागले. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. नारायणमूर्तींच्या पिढीने देहरादूनला वनस्पतिजन्य प्रथिनांचा जो प्रश्न हाती घेतला होता, तो आज मराठवाड्याच्या मोंढ्यात नव्या अर्थाने उभा आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. लाकूड जोडण्याच्या साधनाविषयीचे ज्ञान प्रथम सुताराच्या इंद्रियांत होते, नंतर ते मानकाच्या छापेत आले आणि आता दाखल्यांच्या साखळीत आहे. प्रत्येक टप्प्यावर ज्ञानाची कक्षा विस्तारली आणि त्याच वेळी ते स्थानापासून तुटत गेले. सुताराचे ज्ञान गावापुरते होते, पण त्या गावच्या उन्हाचे होते. दाखल्याचे ज्ञान जगभर चालते, पण त्याचे तापमान २३ अंश आहे.

हे अंतर भरून काढणे अशक्य नाही. उमरीसारख्या गावात नव्याने बांधलेल्या शाळेची एक खोली घ्यावी. मे, जुलै आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांत तिच्यातील तापमान, आर्द्रता आणि फॉर्माल्डिहाइड यांची मोजणी करावी. त्या खोलीतील फळ्यांची बिले, छापा आणि सुताराची जबानी त्या मोजणीशेजारी जपून ठेवावी. रसायनशास्त्राच्या विभागाने आकडे काढावेत, इतिहासाच्या विभागाने कागद आणि साक्षी सांभाळाव्यात. अशा पाचपन्नास खोल्यांची नोंद जमल्यास मराठवाड्याच्या उन्हाला लागू पडणारी मर्यादा मागण्यास आधार मिळेल. नाही तर पुढील पिढीतील अभ्यासकाला या काळातील घरांविषयी असंख्य प्रमाणपत्रे सापडतील आणि त्या घरांत माणसे कोणत्या हवेत श्वास घेत होती, हे मात्र त्यांतील एकाही कागदावरून कळणार नाही.